प्रफुल्लचं नाक, माझी जीभ

आमच्या कॅनडातल्या व्हिटबीत वाइनची सगळ्यात जास्त माहिती कोणाला असेल, तर ती प्रफुल्ल मेश्रामला. आणि या माणसानं जन्मात एक थेंब घेतलेला नाही. तरुणपणी पंचशील घेतलं ते पाळलं. नोकरीही केली ती पाणीखात्यात, इंजिनिअर म्हणून.

मग हे वेड शिरलं कुठून? तर त्याच्या रचनानं मॉन्ट्रियलचा मुलगा पसंत केला. मुलाचे वडील एतियेन मूळचे दक्षिण फ्रान्समधल्या लांगदॉकचे, घरचे द्राक्षमळे. २०१७च्या थँक्सगिव्हिंगला ते जेवायला येणार होते. रचना म्हणाली, "बाबा, त्यांच्या गावची वाइन ठेवा ना, प्लीज. दे विल फील ॲट होम." झालं! होणाऱ्या व्याह्यांसमोर लेकीची मान खाली जायला नको, या एका काळजीनं प्रफुल्लची झोप उडाली. बाटली आणायची तर योग्य हवी, आणि शील तर मोडायचं नाही. त्यानं शेजारी म्हणून मला गाठलं.

"भाऊसाहेब, नाक माझं, जीभ तुमची."

त्याच्या बेसमेंटमध्ये आमची शाळा भरू लागली. राधावहिनी वरून ताटल्या पाठवायच्या. मी घास घ्यायचा, घोट घ्यायचा, प्रफुल्ल ग्लास हुंगून माझ्या चेहऱ्याकडे टक लावायचा आणि विचारायचा, "नांदतात का?" पिकपूल नावाची पांढरी, लिंबासारखी आंबट, ती तळलेल्या माशाशी गुण्यागोविंदानं नांदली. कॉर्बिएर ही तांबडी माशाशी कडाकडा भांडली, पण वहिनींच्या मटणरश्शाशी तिचं लगेच जमलं. गोड मस्कात पुरणपोळीच्या वाट्याला आली. खात्री पटावी म्हणून मी सगळ्या परीक्षा पुन्हापुन्हा दिल्या.

पाहुणे आले. मासे वाढले, पिकपूल उघडली. एतियेननी बाटली घेऊन आधी प्रफुल्लच्याच ग्लासात ओतली. त्यांच्यात यजमानानं पहिला घोट घेऊन पसंती द्यायची असते. रचनाचा चेहरा उतरला. प्रफुल्लनं ग्लास हुंगला, हसून खाली ठेवला आणि म्हणाला, "आमच्यात यजमान सगळ्यांच्या शेवटी घेतो."

एतियेनना ही रीत फार आवडली. म्हणाले, मग शेवटचा ग्लास तुमचा.

आता आली का पंचाईत! शेवटी काही उरूच नये म्हणून प्रफुल्लनं आग्रह सुरू केला. आपला आग्रह कसला असतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. माशांमागून मटण आलं, कॉर्बिएर आली; पाहुण्यांचा ग्लास रिकामा दिसला की भर. ते बिचारे यजमानाचा मान राखायला संपवत होते, हा आणखी ओतत होता. माझ्याही ग्लासात पडत गेली. मी शेजारधर्म पाळला. तरी पुरणपोळी संपता संपता एतियेननी मस्कातचा एक ग्लास हातानं झाकून ठेवलेला निघाला. तो त्यांनी प्रफुल्लसमोर सरकवला.

प्रफुल्ल म्हणाला, "मी पीत नाही. तुमचा मान राहावा म्हणून लपवलं. नाक माझं होतं, जीभ यांची."

एतियेननी माझ्याकडे पाहिलं. मी तोवर खुर्चीत तिरका झालो होतो, त्यामुळे पुरावा वेगळा लागला नाही. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग विचारलं, "या मटणाबरोबर तुमच्या घरी काय पितात?"

वहिनींनी ताक आणलं. एतियेननी वाइनच्याच ग्लासात ते भरून प्रफुल्लच्या हातात दिलं, ग्लासाला ग्लास लावला, आणि उठून स्वतः डाव हातात घेतला. यजमानाची पाळी शेवटी असते ना, म्हणाले. प्रफुल्ल नको नको म्हणत असताना त्याच्या ताटात रस्सा वाढला. ताट रिकामं झालं की पुन्हा वाढला.

रचना म्हणाली, "बाबा, नाही म्हणायचं नाही. आता ते घरचे आहेत."