वरचा एक डॉलर

निवडणुकीला उभं राहायचं मी रागाच्या भरात ठरवलं. तो राग अजून उतरलेला नाही, म्हणून तर लिहायला बसले आहे.

आमचं गाव डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोच्याही थोडं पुढे. गाव कसलं, परवापरवापर्यंत शेतं होती. आता घरं आहेत, दोन ग्रोसरी आहेत, एक बरी लायब्ररी आहे आणि तिच्यासमोर निवृत्त लोकांसाठी बांधलेली अपार्टमेंट्स. तिथे आपली बरीच मंडळी राहतात. उभा जन्म ओहायोत नाहीतर न्यू जर्सीत नोकऱ्या केल्या आणि म्हातारपणी मुलं जवळ असावीत म्हणून टेक्ससला आली. अपार्टमेंट्स आणि लायब्ररी यांच्यामध्ये एक रस्ता आहे आणि रस्त्याच्या टोकाला मोठं मोकळं रान. त्या रानात एका बिल्डरला गोदामं बांधायची होती. गोदामं आली म्हणजे त्याच रस्त्यावरून पहाटेपासून रात्रीपर्यंत ट्रक.

गावच्या कौन्सिलची सभा होती. त्या अपार्टमेंट्समधले एक काका बोलायला उठले. ओहायोतल्या डब्लिनला हयातभर डॉक्टरकी केलेला माणूस, हातात काठी, अंगात टाय-कोट. ते म्हणाले, "डोळ्यांमुळे मी गाडी सोडली आहे. पत्नी गेली. रोज सकाळी हा रस्ता ओलांडून लायब्ररीत जातो, पेपर वाचतो, चार माणसं भेटतात. एवढंच माझं बाहेरचं जग उरलंय. ट्रक आले की तेही जाईल." पुढचं वाक्य अर्ध्यात असतानाच टायमर वाजला. नागरिकांना तीन मिनिटं. बिल्डरच्या वकिलाने मात्र पाऊण तास रंगीत चित्रं दाखवली. गोदामांच्या चित्रात त्याने झाडं काढली होती, झाडांखाली सायकलवर बसलेली मुलं काढली होती. ट्रक तेवढा एकही नव्हता.

कौन्सिलमध्ये सात खुर्च्या. एक सभासद गाव सोडून गेल्यामुळे एक खुर्ची रिकामी होती. मतं पडली तीन विरुद्ध तीन. अध्यक्ष म्हणाले, रिकामी जागा मे महिन्यातल्या निवडणुकीत भरली जाईल, मग बघू. म्हणजे त्या खुर्चीवर जो बसेल तो काकांच्या रस्त्याचा निकाल लावणार. मी घरी आले आणि नवऱ्याला म्हटलं, "मी उभी राहते."

"आधी बस," तो म्हणाला. "पाणी पी."

पाणी प्यायले आणि उभी राहिले. पुण्याचा असल्यामुळे आधी चार शंका काढल्या त्याने, पण खजिनदार व्हायला तोच तयार झाला. निवृत्त झाल्यापासून नियम वाचणं हा याचा छंद आहे. आमच्या वसाहतीच्या नियमावलीवर पत्रं लिहून लिहून त्याने लोकांच्या नाकी नऊ आणले होते. म्हटलं, या माणसाचा एकदाचा उपयोग होईल. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, आर यू सिरियस?" मी म्हटलं, "तुझ्या लग्नानंतर पहिल्यांदाच."

पैसे मागायची मला लाज नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची वर्गणी मीच गोळा करत आले. पार्किंगमध्ये मला बघून लोक फोन कानाला लावतात, पण सुटत कुणीच नाही. आमच्या गावाचा नियम साधा होता: उमेदवाराने एका माणसाकडून जास्तीत जास्त पाचशे डॉलर घ्यायचे. व्हिसावर आलेल्यांकडून एक पैसाही घ्यायचा नाही. नवऱ्याने हे मला इतक्यांदा ऐकवलं की शेवटी मी हात जोडले. नोकरीवाली तरुण पोरं चेक पुढे करायची, तेव्हा मी आधी विचारायची, "ग्रीन कार्ड आलं का रे?" नसलं तर चेक परत. इतक्या सोवळ्यात आमचं चाललं होतं.

चेक भराभर आले. फलक छापले, पत्रकं छापली. माझ्याविरुद्ध इन्शुरन्स विकणारे एक हसतमुख गृहस्थ उभे होते. गोदामांमुळे कर कमी होतील असं ते सांगत फिरायचे. माणूस वाईट नव्हता, भेटला की माझ्या नातवंडांची चौकशी करायचा. मला वाटलं, हे जमण्यासारखं आहे.

मतदानाला जेमतेम तीन आठवडे उरले असताना गावच्या ऑफिसातून पत्र आलं. एका नागरिकाने तक्रार केली होती की माझ्या बहुतेक देणग्या मर्यादेपेक्षा जास्त आहेत. नवरा पांढराफटक पडला. धावत जाऊन हिशेब उघडला, आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. पाचशे एक. पाचशे एक. पाचशे एक.

आता हे कुणाला कसं समजवायचं? आपल्या लोकांना कळलं की पाचशेपर्यंत देता येतात, म्हणून त्यांनी भरभरून पाचशे दिले. पण पाचशे असा बोडका आकडा आपल्या हातून लिहिलाच जात नाही. लग्नाचं पाकीट असो नाहीतर देवळाची देणगी, वर एक ठेवल्याशिवाय आपला हात उचलत नाही. आणि आमचा हा नियमांचा किडा, त्याच्या नजरेलाही तो एक दिसला नाही, कारण तो एक त्याच्या लेखी पैसाच नव्हता. कहर म्हणजे त्याने स्वतःही मला पाचशे एकचाच चेक दिला होता.

"अरे, तू इंजिनियर ना?" मी म्हटलं.

"शुभकार्याला तुला बोडका चेक देऊ का?" तो म्हणाला.

दोन दिवसांनी गावातल्या घराघरांत एक पत्रक पोचलं. गुळगुळीत, जाड कागद. त्यावर माझा फोटो, मंडळाच्या कुठल्यातरी कार्यक्रमात मी घास तोंडात घालतानाचा, राखेच्या रंगात छापलेला. वर लिहिलेलं: निवडून यायच्या आधीच कायदा मोडला, आल्यावर काय करतील? खाली अगदी बारीक अक्षरांत एका कमिटीचं नाव. उद्याची पिढी, सुरक्षित गाव, असलं काहीतरी गोड गोड. आठवडाभरात तशी आणखी दोन पत्रकं आली. आमच्या सगळ्या चेकांची बेरीज त्यातल्या एका पत्रकालाही पुरली नसती. मी ते पत्रक हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले आणि रडले. अपमान झाला होता, आणि खरं म्हणजे भीतीही वाटली होती.

मग तोंड धुतलं आणि गावच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाई सज्जन. त्यांनी कागद पुढे ठेवून विचारलं, "सगळेच एक डॉलर जास्त कसे?" मी त्यांना सांगितलं की आमच्यात शून्यावर थांबत नाहीत, देणं पुढे चालू राहावं म्हणून वर एक ठेवतात. त्यांनी मनापासून ऐकलं. म्हणाल्या, "फार छान पद्धत आहे. पण तो एक परत करावा लागेल."

"करते. आणि या कमिटीने पत्रकांवर जे उडवले, त्याची मर्यादा किती?"

"त्याला मर्यादा नाही."

"म्हणजे?"

"ते तुमच्या विरोधकाला पैसे देत नाहीत. स्वतःच खर्च करतात, स्वतःचं मत मांडतात. कायद्याने त्यांना मोकळीक आहे." सांगताना त्या माझ्याकडे न बघता कागद सारखे करत होत्या. कमिटीला पैसे कोण देतं, हे विचारल्यावर म्हणाल्या की ते निवडणुकीनंतर कळेल, कदाचित.

माझं डोकं असं फिरलं की गाडीत बसल्यावर किल्ली कुठे लावायची ते सुचेना. काकांचा एक डॉलर बेकायदा, आणि ज्यांना गोदामं हवीत त्यांच्या पैशाला कुंपणच नाही, तो कितीही येवो. वर तो पैसा नव्हे म्हणे, मत. काकांच्या मताला तीन मिनिटं आणि यांच्या मताला अख्खी टपालपेटी. नवरा म्हणाला, "एकेक डॉलरचे चेक पोस्टाने पाठवून मोकळे होऊ." मी म्हटलं, "पोस्टाने नाही. मी दारोदार जाऊन देणार. नाहीतरी त्यांनी मला बदनाम केलंच आहे, तर लोकांना माझं तोंड तरी बघू दे."

पहिलं दार काकांचं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर फोटो. काका आणि सिनेटर, काका आणि गव्हर्नर, काका सपत्नीक कुठल्याशा मोठ्या उमेदवाराबरोबर, सगळ्यांचे दात दिसताहेत. एकेका फोटोसाठी, एकेका जेवणाच्या ताटासाठी केवढाले चेक फाडले, ते त्यांनी मला हसत हसत सांगितलं. "सगळ्यांना दिलं. दोन्ही पक्षांना. मागितलं की द्यायचं, आपला समाज दिसला पाहिजे." एक डॉलर घ्यायला मात्र ते तयार होईनात. दिलेलं परत घ्यायचं म्हणजे अपशकुन. शेवटी मी चेक टेबलावर ठेवला आणि सहज म्हटलं, "बरं, मतदानाला कसे जाणार? मी न्यायला येऊ का?"

काकांनी भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं. मग म्हणाले, "मी सिटिझन आहे गं. किती वर्षं झाली."

"ते माहीत आहे. इथे नाव नोंदवलंत का? टेक्ससला आल्यावर?"

"ते आपोआप होत नाही?"

टेक्ससमध्ये मतदानाच्या महिनाभर आधी नोंदणी बंद होते. ती कधीच बंद झाली होती. ज्या माणसासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला, त्याला मतच नव्हतं. आणि ओहायोत असताना? तिथे दर चार वर्षांनी अध्यक्षाला मत दिलं असेल, म्हणाले, पण गावच्या निवडणुकीला कधी गेल्याचं त्यांना आठवेना. "चेक दिला की आपलं काम झालं, असं वाटायचं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका पडला की रागवावं की धीर द्यावा ते मला कळेना. मी दोन्ही केलं. "काका, ही काय गणपतीची वर्गणी आहे, पावती घेतली की आरतीला नाही आलं तरी चालतं?" असं म्हटलं, आणि मग आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला.

पुढच्या दारी तेच. त्याच्या पुढच्या दारी तेच. सगळे नव्हते तसे, पण बरेच होते. भरघोस चेक दिलेले, फलक बाल्कनीत लावलेले, मंडळात माझ्यासाठी टाळ्या वाजवलेले, आणि यादीत नाव नाही. मी वर्गणीसाठी इतक्या जणांना भेटले, पण तुमचं नाव आहे का हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. पैसे कसे जमवायचे हे मला येत होतं, म्हणून मी तेच केलं.

काका हरून बसणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "मत नाही तर नाही, मला आवाज आहे. ज्यांची नावं आहेत त्यांचे नंबर दे." आणि खरोखर, डॉक्टर पेशंटला औषधाची आठवण करतो त्या स्वरात त्यांनी सगळ्यांना फोन लावले. मी उन्हात पाय तुटेस्तोवर फिरले. अनोळखी दारांवरही गेले, आपल्या नसलेल्या लोकांच्याही. काहींनी ते राखाडी पत्रक पुढे धरून विचारलं, हे खरं का? मी म्हटलं, खरं आहे, एक डॉलर, आणि का ते सांगितलं. एक आजी पोट धरून हसली आणि तिने माझा फलक मागून घेतला.

मी हरले. आपल्या एका पंगतीत बसतील एवढ्या मतांनी. आणि त्या पंगतीत कोण कोण बसलं असतं, ते मला नावानिशी माहीत होतं. मुलगी म्हणाली, आई, यू डिड ग्रेट. नवऱ्याने मुगाची खिचडी लावली आणि मला शेजारी बसवून खायला घातली. हसतमुख गृहस्थांनी फोन करून अभिनंदन केलं, हरलेल्याचं कसलं अभिनंदन करतात कोण जाणे. जूनच्या सभेत गोदामं चार विरुद्ध तीन मंजूर झाली. मी तिथे होते. माझी तीन मिनिटं मी पुरेपूर वापरली आणि टायमर वाजल्यावरही वाक्य पूर्ण करूनच खाली बसले.

त्यानंतर मी काउंटीच्या ऑफिसात जाऊन मतदार नोंदवायचं प्रशिक्षण घेतलं. फार काही नसतं, कुणालाही करता येतं. आता दर मंगळवारी लायब्ररीच्या दाराशी टेबल टाकून बसते. पुढच्या वेळी उभी राहणार आहे, आणि त्या खेपेला पैसे मागायच्या आधी नाव विचारणार आहे. लोक अजूनही मला बघून फोन कानाला लावतात. लावू देत. मला घाई नाही.

गेल्या मंगळवारी काका आले. रानात आता बुलडोझर लागलेत आणि रस्त्यावर धुळीचा लोट असतो. ते काठी टेकत, थांबत थांबत, दोन्ही बाजूंना बघत आले. रस्ता ओलांडायला त्यांना इतका वेळ लागला की मी उठून पुढे गेले. त्यांनी माझा हात धरला नाही. खुर्चीत बसले, श्वास जागेवर येऊ दिला, आणि समोरचा फॉर्म डोळ्यांशी धरून बघत म्हणाले, "तुझी पुढची निवडणूक कधी?"

"दोन वर्षांनी."

"तोपर्यंत मी असेन का गं?"

"असायला लागेल," मी म्हटलं, आणि पेन त्यांच्या हातात दिलं. "इथे सही करा."