इंगोलेकाकांनी ऐकलेली लेन्स

कुंडलिक इंगोले यांच्या टेबलावर लेन्स ठेवली की ते आधी पंखा बंद करतात. मग एसी. मग मान वर करून खोलीतल्या सगळ्यांकडे बघतात, म्हणजे आता तुम्हीपण बंद व्हा. आणि मग लेन्स कानाच्या जरा खाली, जबड्याच्या हाडाला टेकवून डोळे मिटतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं कल्याण! कुणाच्या हातात पडली माझी लेन्स!

मी ऋतिका. चारकोपला राहते. बारशी, साखरपुडे, हळदी, जे मिळेल त्याचे फोटो आणि व्हिडिओ काढते. माझ्याकडे मोठी लेन्स एकच, लांबचं जवळ आणणारी. हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून तिच्या पोटात एक यंत्र असतं. यंदा दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, गोरेगावच्या एका बारशाला, ते यंत्र घरघरायला लागलं. थोडंथोडकं नाही, मिक्सरमध्ये खडा गेल्यासारखं. व्हिडिओत बाळाचं नाव ऐकूच येईना, नुसती घर्र घर्र, आणि वर चित्र उड्या मारतंय. वॉरंटीचे अकरा दिवस उरले होते. कंपनीने लेन्स दुरुस्त करून दिली नाही तर माझी वाट लागली होती, कारण दुसरी घ्यायची ऐपत नव्हती.

घरी येऊन झूमची रिंग फिरवली तर फटीतून लाल पूड आली. कुंकू!

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. आई पाटावर सगळं मांडते: बाबांचे पाने, शिलाई मशीनची कात्री, विळी आणि गेली चार वर्षं माझा कॅमेरा. दरवर्षी मी बाजूला उभी राहून "लांबून गं, लांबून" करत असते. यंदा कामाला बाहेर होते. आईने लेन्स छान उभी ठेवून मनापासून हळद-कुंकू वाहिलं. मुलीच्या धंद्याला बरकत यावी म्हणून चिमूटभर जास्तच.

मी काय तोंड सोडलं म्हणून सांगू! "आई, माझ्या पोटावर पाय दिलास तू!" असंही म्हणाले. लाज वाटते आता. त्या दिवसापासून आई धड जेवेना. मालन राणे या बाईने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, आणि आता स्वतःच्या पोरीचं केलं असं तिने धरूनच ठेवलं. दुरुस्तीला निघाले तर म्हणाली, मीपण येणार.

अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर ते सर्व्हिस सेंटर. काउंटरवर मॅनेजर देवेश, इस्त्रीचा शर्ट, गोड हसू. त्याने लेन्स चालू केली, घरघर ऐकली आणि म्हणाला, "मॅडम, थोडा आवाज नॉर्मल असतो."

"हा थोडा? अरे, बाहेर रिक्षावाल्याने वळून बघितलं असेल!"

मी अशी तावातावाने भांडतेय, तो जरा नरमलाय, फॉर्म काढतोय, आणि तेवढ्यात आई पुढे झाली. हात जोडून. "साहेबानु, कुकू मी लावलंय हेका. दसऱ्याक. तिचो काय एक दोष नाय."

अगं आई! देवेशने पेन खाली ठेवलं. रिंग फिरवली, बोटाला लाल लागलं, आणि चेहरा कसा खुलला त्याचा. "मग वॉरंटी नाही बसत, मॅडम. बाहेरचा कण आत गेलाय. कस्टमर डॅमेज." आई माझ्याकडे बघेचना.

मागच्या काचेच्या खोलीतून एक सावळा, सडपातळ माणूस बाहेर आला. साठीला टेकलेला, कपाळावर एक चष्मा, नाकावर दुसरा. "आण इकडे," म्हणाला. हेच इंगोलेकाका.

मूळचे वाशिमकडचे. दहा वर्षांचे असताना घाटकोपरला मामांकडे आले, आयटीआय केलं, मग गोरेगावला शूटिंगचे कॅमेरे भाड्याने देणाऱ्या एका दुकानात बावीस वर्षं रिळांच्या कॅमेऱ्यांची भिंगं उघडली. रिळं गेली, दुकान गेलं, काका इथे आले. कान तिथेच तयार झाले म्हणतात. गिऱ्हाइकं भिंग समोर टाकून जायची आणि कधी काय बिघडलं ते सांगायची नाहीत. मग भिंगालाच विचारावं लागायचं.

त्यांनी चालू लेन्स जबड्याला लावली. पंखा बंद, एसी बंद. देवेशसुद्धा गप्प.

"हा आवाज मागून येतोय," डोळे न उघडता काका म्हणाले. "कुंकू पुढे आहे."

"काका, कण तो कण," देवेश म्हणाला. "रिपोर्टमध्ये लिहून टाका आणि सोडा."

"आहे ते लिहीनच. दसऱ्यानंतर पंधरा दिवस आपल्याकडे कुंकवाच्याच लेन्सा येतात, आजवर कधी लपवलं का मी?" मग माझ्याकडे वळले. "ऐक पोरी. आधी मी फक्त कुंकू साफ करतो. दुसऱ्या कशाला हात लावत नाही. मग चालू करू. आवाज थांबला, तर दोष कुंकवाचा. मी तसंच लिहिणार, वॉरंटी गेली. नाही थांबला, तर दोष कंपनीचा. कबूल?"

थांबला तर? तर धंदा तर गेलाच, पण आईला कायमचं लिहून मिळणार होतं की तुझ्याच हाताने झालं. मला नको म्हणायचं होतं. आईच म्हणाली, "कबूल."

काकांनी रबर सोलून काढलं, रिंग उतरवली. बारीक ब्रश, फुंकणी, कागदाची सुरळी. पांढऱ्या कापडावर लाल कण पडत होते आणि आई एकेक बघत होती. असं काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही. घाई नाही, एकही हालचाल फुकट नाही, स्क्रू काढताना श्वास रोखलेला, काढला की सोडलेला. रिंगेत एक अक्षतही सापडली. काकांनी ती चिमट्याने उचलून आईच्या तळहातावर ठेवली.

मग मागची बाजू उघडली, दोन वायरी जोडल्या आणि मला म्हणाले, "चालू करायच्या आधी हे बघून घे."

आत एक भिंग होतं, रुपयाएवढं. काकांनी अगदी थोडा करंट दिला आणि ते उठलं. खरंच सांगते, उठलं! कशाला चिकटलेलं नाही, कशावर टेकलेलं दिसत नाही, चुंबकांच्या मधोमध आपलं आपण तरंगतंय. काकांनी लेन्स माझ्या हातात दिली. माझे हात थरथरत होते, आणि ते भिंग प्रत्येक थरथरीला उलट्या बाजूला सरकून मला सावरत होतं. सेकंदाला शंभर वेळा, काका म्हणाले. जवळजवळ दोन वर्षं ही वस्तू खांद्याला लटकवून हिंडले मी, आणि तिच्या आत हे चाललेलं असतं याचा पत्ता नाही! डोळ्यांत पाणीच आलं. आईने वाकून पाहिलं आणि नमस्कार केला.

मग काकांनी यंत्र पुरतं चालू केलं.

घर्र. घर्रर्र.

तोच आवाज, तस्साच, कुंकवाचा कणही उरला नसताना. जन्मात कुठला आवाज मला इतका गोड लागला नव्हता. मी ओरडलेच, "आला!" आई माझा दंड घट्ट धरून उभी.

काकांनी भिंगाखालून तीन पांढऱ्या गोळ्या काढल्या, मोहरीहून बारीक. भिंग त्यांच्यावरून सरकतं. मोठ्या काचेखाली धरून देवेशला दाखवल्या. एकीचा टवका उडालेला, कारखान्यातूनच तसा. "लाल डाग आहे का कुठे? नाही. कुंकू इथवर पोचलंच नाही." देवेशने दोनदा पाहिलं. मग वॉरंटीचा शिक्का काढून फॉर्मवर मारला.

आईने विचारलं, "म्हणजे ह्या माझ्यामुळे नाय झाला?"

काकांनी रिपोर्ट इंग्रजीत लिहिला होता. तो त्यांनी परत ओढून घेतला, खाली मराठीत एक ओळ लिहिली आणि सही करून एक प्रत आईच्या हातात दिली. "ताई, वाचा."

आईने बोट लावून वाचलं: लेन्समधील बिघाड मूळचा आहे, पूजेमुळे झालेला नाही.

तिने पुन्हा वाचलं. मग कागद चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवला.

जिन्यात मी म्हटलं, "आई, सॉरी गं. मी तसं बोलायला नको होतं."

"आता कित्याक?" आई म्हणाली. "तेंनी लिवन दिल्यानी मा."