कोऱ्या चेहऱ्याचे सर

आमच्या सरांच्या चेहऱ्यावरून काहीही कळत नसे. खूश आहेत की वैतागलेत, चहा आवडला की पाणचट लागला, आमचा शॉट जमला की फसला, काही म्हणता काही नाही. मुरबाडच्या एसटी स्टँडवर एकदा बैलाने त्यांना मागून ढुशी दिली, तेव्हाही ते त्याच चेहऱ्याने वळले आणि बैलाला म्हणाले, "बोला." वर्गात त्यांना 'कोरे सर' म्हणत. नवीन मुलं ते आडनावच समजून ऑफिसात "कोरे सर आलेत का?" असं विचारत. सरांनी कुणाला दुरुस्त केलं नाही.

शहापूरच्या एका कॉलेजात ते दर रविवारी चित्रपटाची आणि कॅमेऱ्याची तोंडओळख शिकवत. पुण्यात रीतसर शिकून, मुंबईत बरीच वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांवर राबून ते इकडे परतले होते. वर्गात सगळी कॉलेजची मुलं, आणि त्यांच्यात मी एकटा तिशी उलटलेला. मुरबाडला माझा फोटो स्टुडिओ होता, लग्नांच्या ऑर्डरी घेत असे. सर मला 'स्टुडिओवाले' म्हणत. त्यात मान किती आणि चिमटा किती, तेही चेहऱ्यावरून कळत नसे.

कॅमेऱ्याच्या झूमच्या बटणावर त्यांनी जखमेला लावतात ती चिकटपट्टी लावून टाकली होती. क्लोजअप हवा असेल तर चालत जायचं. "माणसाजवळ जा. तो तुला बघेल, नको म्हणायचं असेल तर नको म्हणेल. लांबून ओढून आणलेला चेहरा म्हणजे चोरीचा माल." मी एकदा माझ्या एका लग्नाचं चित्रण हौसेने वर्गात दाखवलं. त्यात नवरीच्या डोळ्यातल्या पाण्यावर मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून झूम मारला होता. सर शेवटपर्यंत बघत राहिले आणि म्हणाले, "स्टुडिओवाले, नवरीला माहीत होतं का हो, तुम्ही तिच्या डोळ्यात बसलाय ते?" पोरं हसली. मीही हसलो.

उंचीबद्दलही त्यांचं असंच. म्हातारी ओटीवर तांदूळ निवडत बसली असेल, तर उभ्याने तिचा शॉट घ्यायचा नाही. "तूही बूड टेक. वरून बघितलंस तर ती बिचारी दिसेल. ती बिचारी नाही, तू आळशी आहेस." नवा शर्ट घालून शेणसारवल्या अंगणात फतकल मारणारे सर अजून डोळ्यांसमोर येतात.

आणि मग तो पाठ. कट म्हणजे काय, ते शिकवायला त्यांनी स्वतःचाच चेहरा दिला. "घ्या, फुकट आहे." वर्गाच्या पांढऱ्या भिंतीसमोर बसले, आणि एका मुलाने त्यांचा चेहरा टिपला. तो एकच शॉट त्यांनी आधी वाफाळत्या भाताच्या ताटाशेजारी जोडला. सर भुकेले दिसले. मग तोच शॉट तिरडीच्या शेजारी. सरांच्या डोळ्यांत दुःख दिसलं, शपथेवर सांगतो, दिसलं.

"सर, तुमी तर काहीच केलं नाय!" वंदना ओरडली.

"काही नाही. घरचा गॅस बंद केला की नाही, ते आठवत होतो."

हसू ओसरल्यावर म्हणाले, "दोन शॉट शेजारी ठेवले की तिसरा अर्थ जन्मतो. तो पहिल्यातही नसतो, दुसऱ्यातही नसतो. तो जोडणाऱ्याचा. उद्या तो गावभर हिंडला तर 'माझा नाही' म्हणू नका."

वंदना धसईची. वडिलांची भातशेती, आई बाजाराला भाजी विकायची. दोन एसट्या बदलून ही मुलगी रविवारी यायची. आईवर चित्रफीत करायची तर आई म्हणाली, माझं तोंड नको दाखवू. मग तिने नुसते आईचे हात टिपले. जुडी बांधणारे, पाणी शिंपडणारे, शेवटी रिकामी पाटी उलटी करून झटकणारे. ते बघून सर पहिल्यांदाच खुर्चीवरून उठले. "मला जे शिकवायला वर्ष लागतं, ते ही घरून घेऊन आली," म्हणाले. त्या दिवशी माझी चित्रफीतही लागली होती. तिच्यावर सर एवढंच म्हणाले, "रंग छान आहेत."

पुढे जे केलं ते मी गंमत म्हणून केलं, असं आजवर स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला त्या दोघांचा राग आला होता. एक पोरगी मोबाइलवर आईचे हात काढते आणि माझ्या धंद्याचे रंग नुसते छान असतात.

सगळ्यांचं चित्रण माझ्याच स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर ठेवलेलं असे. त्यात सापगावच्या नदीवरचंही होतं. त्या दिवशी सर तापाने घरी होते, मुलंच गेली होती. पलीकडच्या काठाचा शॉट घ्यायला वंदना पाण्यात उतरली, सलवार गुडघ्यापर्यंत वर धरून. तिच्या मैत्रिणीने ते टिपलं होतं. मी तो शॉट घेतला आणि त्याला सरांचा चेहरा जोडला. नजर जुळेना, म्हणून चेहऱ्याचा शॉट आरशासारखा उलटा केला. मग जुळली. पहिल्यात काही नव्हतं, दुसऱ्यात काही नव्हतं. जोडल्यावर जे दिसत होतं, ते इथे लिहवत नाही.

नाव कळू नये म्हणून घेतलेल्या नव्या सिमकार्डावरून ती चित्रफीत दोन मित्रांना गेली. दोघांनी ती पुढे किती जणांना पाठवली कोण जाणे. आठवडा व्हायच्या आत ती धसईला पोचली.

रविवारी वंदनाचे वडील आणि गावातले बाप्ये जीप भरून कॉलेजात आले. मी वर्गाच्या दाराशी उभा होतो. सर फळ्यापाशी. त्यांनी ओरडाआरडा केला नाही. त्यांनी जे केलं, ते फक्त तेच करू शकत होते. त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

"हे दोन वेगळे दिवस आहेत. मी नदीवर नव्हतोच. हा चेहरा या भिंतीसमोरचा आहे. बघा, माझ्या शर्टाचा खिसा उजवीकडे आलाय..."

"मास्तर, आमाला शिकवू नको," वडील म्हणाले. "आमी आमच्या डोल्यांनी बघितलंय."

वंदना मध्ये पडली. "बाबा, सर तितं नव्हते. मी सांगते ना!"

"तू गप गो!" कुणीतरी म्हणालं. "बघा, कशी बाजू घेते मास्तराची." तिच्या बोलण्याने होतं ते अधिकच बिघडलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "स्टुडिओवाले, मूळ चित्रण तुमच्याकडे आहे. आणा."

"सर, कॉम्प्युटर बिघडला," मी म्हणालो. "सगळं उडालं."

उडालं नव्हतं. त्या संध्याकाळी मी उडवलं.

तो वर्ग बंद झाला. सर शहापूर सोडून गेले. वंदनाचं शिक्षण थांबलं आणि पुढच्या हंगामात गावातच तिचं लग्न लावून दिलं. माझा स्टुडिओ चालत राहिला.

गेल्या वर्षी कळलं, सर उंबरमाळीजवळ विधवा बहिणीकडे राहतात. गेलो. पडवीत बसले होते. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "नको. बोल."

मी सगळं सांगितलं.

"माहीत होतं. उलटा शॉट जोडून नजर जुळवायची अक्कल तुला एकट्यालाच होती. कट चांगला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं नाव घेतलं असतं तर तुला झोडपलं असतं. पुरावा तू देणार नव्हतासच. आणि गावाने आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं ना." बहिणीने आणलेला चहा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "वंदनाला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी इथे का आलास? मी सोपा वाटलो?"

मी चहा तसाच ठेवून उठलो.

धसईला गेलो. वंदना आता आईच्या जागी बाजारात बसते. तिने ऐकून घेतलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. गिऱ्हाइकाला मिरच्या तोलून दिल्या, आणि म्हणाली, "मला काय सांगता दादा? मी तेव्हाच वरडून सांगत होते. माझ्या बापाला सांगा. तो अजून माझ्याशी सरळ तोंडाने बोलत नाय."

वडील खळ्यात बसले होते. माझं संपल्यावर म्हणाले, "तवा बघितलं ते खोटं होतं, मंग आता तू बोलतो ते खरं कशावरनं? दाखव."

दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

सरांना जाऊन सांगितलं, वंदनाच्या वडिलांना पटलं नाही. सर म्हणाले, "परत जा." पुन्हा पटलं नाही. पुन्हा म्हणाले, "परत जा." माझ्यावर रागावले होते की माझी कीव करत होते, देव जाणे. माफ केलं, असं ते कधी म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. भाताची लावणी चालू असताना ते गेले. बहिणीने कळवलं तोवर सगळं उरकलं होतं.

तरी मी धसईला जातो. बाजाराच्या दिवशी वंदनाच्या म्हाताऱ्या बापाशेजारी जाऊन बसतो. हल्ली तो चहा सांगतो. सर गेल्याचं त्याला सांगितलं. त्याने विचारलं, "मास्तरला मागं कोन हाय काय रे?"

"बहीण आहे. उंबरमाळीला."

"तिच्याकडं मला नेशील?"

भात झोडून झालं की जायचं ठरलं आहे. जाऊन तो काय बोलणार, मला माहीत नाही. "तू मदी बोलायचं नाय," एवढंच त्याने मला बजावलं आहे.