बारदाना वजा न करता

मांजरसुंब्याला गाडी जेवणासाठी थांबली होती. पुण्याहून, लेकीकडून परत येत होतो. ढाब्यावर पिठलं-भाकरी सांगून हात धुवायला उठलो, तेवढ्यात महेशचा फोन आला. महेश म्हणजे विश्वनाथअप्पांचा मुलगा.  म्हणाला, "गुरुजी, अप्पा गेले. अंबाजोगाईला न्यायलो होतो... परळीच्या पुढं पोचलोच न्हाई."  ताटातली भाकरी गार झाली, वाहकानं दोनदा हाक मारली, आणि पुढचे तीन तास मी खिडकीतून ज्वारीची शेतं बघत बसलो. कणसं हुरड्याला आली होती. मनात एकच घोळत होतं, की दहा दिवसांपूर्वी मी या माणसाच्या दुकानातून भांडून बाहेर पडलो आणि मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

सिरसाळ्यात अप्पांचं आडत आणि भुसाराचं दुकान. मी तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवत निवृत्त झालो. आमची ओळख चाळीस वर्षांची, पण अजूनही ते मला गुरुजी म्हणायचे आणि मी त्यांना अप्पा. दोघांनी एकमेकांना कधी अरे-तुरे केलं नाही, भांडतानाही नाही. माणूस अंगानं आडवा, आवाजानं मऊ. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून त्यात किती ओल आहे ते सांगायचे. पुढं ओल मोजायचं यंत्र आलं, तरी शेतकरी यंत्राकडं बघायच्या आधी अप्पांच्या तोंडाकडं बघायचे. खाण्याचे मात्र भयंकर शौकीन, आणि त्यातही हिवाळ्यात. उन्हाळ्यात ताकावर राहणारा हा माणूस थंडी पडली की उठल्यापासून काहीतरी चघळत असायचा. कोणी शेतातून हुरडा आणला, शेंगा आणल्या, की मूठभर घेऊन म्हणायचे, "नमुना बगतो." असे दिवसभरात पंधरा नमुने व्हायचे.

दुकानात पोती मोजायचा मोठा काटा आहे, लाल आकडे दाखवणारा. दर सोमवारी संध्याकाळी अप्पा त्यावर उभे राहायचे आणि मी आकडा वाचायचो. सोमवारीच, कारण त्या दिवशी त्यांचा उपास. म्हणजे वजन करायला आठवड्यातला सगळ्यात सोयीचा दिवस! आकडा खडूनं काट्यामागच्या भिंतीवर लिहायचा. पण थंडीच्या दिवसांत अप्पांचा एक खास हिशेब असायचा. आडतीत पोत्याचं वजन, म्हणजे बारदाना, वजा करून मग मालाचं वजन धरतात. माल ओला असला तर ओलीपायी आणखी किलोभर वजा. अप्पा स्वेटर, मफलर, शाल आणि लोकरीच्या मोज्यांसकट काट्यावर चढायचे आणि वरून मला सांगायचे, "गुरुजी, दोन किलो बारदाना धरा." संक्रांतीपर्यंत हा बारदाना चार किलोवर गेलेला असायचा. मी हसून तसाच आकडा लिहायचो. इतकी वर्षं मीही त्या लबाडीत सामील होतो, हे इथं कबूल करून टाकतो.

गेल्या दसऱ्यानंतर त्यांना दुकानातच चक्कर आली. महेशनं आणि मी त्यांना परळीला डॉक्टरांकडं नेलं. ब्लडप्रेशर वाढलेलं, हृदय थोडं थकलेलं. डॉक्टर भला माणूस, त्यानं समजावून सांगितलं. दहा किलो वजन कमी करा, मीठ कमी करा, तळलेलं बंद. थंडीत भूक जास्त लागते, बसून राहणं वाढतं, त्यात औषध चुकवू नका. पहाटेच्या गार वाऱ्यात चालू नका, ऊन वर आल्यावर चाला. मी मास्तर, मी सगळं डायरीत उतरवून घेत होतो. तेवढ्यात अप्पांनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हुरडा चालंल का?" डॉक्टरांसकट सगळे हसलो. त्या हसण्यातच डॉक्टर आणखी एक वाक्य बोलले... पायावर सूज आली किंवा चार दिवसांत वजन एकदम वाढलं तर वाट बघू नका, लगेच या. ते वाक्य मी ऐकलं होतं. डायरीत ते नाही.

घरी आल्यावर अप्पांच्या पत्नी सुमनवहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, माझं ऐकत न्हाईत. तुमी बगा आता." मी बघायला लागलो. शाळेतली सगळी शिस्त बाहेर काढली. पहिला नियम, बारदाना वजा नाही. स्वेटर काढून ठेवा, शाल काढा, मफलर काढा. अप्पा कुडकुडत काट्यावर उभे राहायचे. "गुरुजी, बकऱ्यागत भादरून काढलं की मला." पहिल्या सोमवारी एकशे दोन भरले. रोज साडेआठला ऊन अंगावर आलं की आम्ही दोघं तेलगावच्या रस्त्यानं चालायला निघायचो. वाटेत ऊस तोडणाऱ्यांच्या गाड्या, कापूस वेचणाऱ्या बाया, आणि दर शंभर पावलांवर अप्पांच्या ओळखीचा कोणीतरी, "या अप्पा, चार शेंगा खा" म्हणणारा. अप्पा हात जोडायचे आणि माझ्याकडं बोट दाखवायचे. लोकांनी मला दुष्ट ठरवलं. नमुना बघणं बंद झालं. खिशात फुटाणे आणि एक पेरू. तहान लागो न लागो, कोमट पाणी. आणि खरं सांगतो, त्या माणसानं मनापासून केलं. मार्गशीर्ष सुरू झाला तेव्हा काट्यावर अठ्ठ्याण्णव आले. अप्पांनी त्या आनंदात गिऱ्हाइकांना पेरू वाटले.

मग येळवस आली. आमच्याकडं त्या अमावस्येला सगळा गाव शेतात जेवायला जातो. ज्याला बोलावलं तो आला नाही तर शेतवाल्याला वर्षभर लागून राहतं. अप्पांना तर आठ-दहा शेतांची बोलावणी. गिऱ्हाईकच ते, कोणाला नाही म्हणणार? डाळी-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, आणि मडक्यातली ती खारट-आंबट आंबील. दुसऱ्या दिवशी चालताना त्यांनी आपणहून सांगितलं, "गुरुजी, काल चार शेतात जेवलो. खोटं कावून बोलू?" मी रागावलो, पण फार नाही. त्या सोमवारी शंभर भरले. मी म्हणालो, एका आठवड्यात उतरेल. पुढच्या सोमवारी एकशे एक आणि अर्धा. त्याच्या पुढच्या, एकशे दोन आणि वर थोडं.

मी विचारलं, काय खाल्लं? म्हणाले, काही नाही. मी म्हणालो, काही नाही म्हणून वजन वाढत नसतं अप्पा, हे मी सातवीच्या पोरांना शिकवलंय. ते चालायलाही आता कंटाळा करायला लागले होते, म्हणजे मी त्याला कंटाळा समजत होतो. शंभर पावलांवर थांबायचे, मैलाच्या दगडावर टेकायचे. "थंडीनं छाती धरल्यावानी होतंय," म्हणायचे. मी म्हणायचो, आळस धरलाय. वहिनींनी सांगितलं की आडवं झोपवत नाही, तीन उशा लावून बसल्यासारखे झोपतात. मला वाटलं खोकला असेल, तर मी ओवा आणि हळदीचा काढा सुचवला. चप्पल घट्ट व्हायला लागली म्हणून त्यांनी मोठी चप्पल घेतली आणि आम्ही दोघं त्यावर हसलो, की मोजे जाड आहेत. मी हृदयाची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेल... चार कप्पे, निळा खडू, तांबडा खडू. पंप नीट चालला नाही तर पाणी कुठं साठतं, हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

पुण्याला जायच्या आदल्या दिवशी सोमवार होता. अप्पा स्वेटर काढून काट्यावर चढले. एकशे चार. मी आकडा लिहिला आणि खडू ठेवायला फळीकडं वळलो, तर फळीवर आमच्या घरचा स्टीलचा डबा. झाकणावर माझ्या बायकोचं, कमलचं, नाव कोरलेलं. दर हिवाळ्यात ती अप्पांकडं डिंकाचे लाडू पाठवते. या वर्षी मी तिला सक्त मनाई केली होती, तरी तिनं मला चोरून वहिनींकडं दिले होते. मला पुरावाच सापडला. चाळीस वर्षांत बोललो नव्हतो ते बोललो. "अप्पा, तुम्ही सारं आयुष्य बारदाना वजा करत आलात, आता मलाही फसवताय. खोटं बोलताय तुम्ही." ते काट्यावरच उभे होते, बनियनवर. धाप लागलेली. म्हणाले, "म्या न्हाई खाल्लं, गुरुजी. डबा उगडून तर बगा." मी उघडला नाही. मला ते बघायचं नव्हतं, मला बरोबर ठरायचं होतं. मी निघून आलो.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी सहाला, मी लेकीच्या घरी असताना, त्यांचा फोन आला. मी नाव बघितलं आणि फोन वाजू दिला. म्हटलं, गावी गेल्यावर बघू. गुरुवारी मी मांजरसुंब्याला होतो.

अप्पांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांना अंघोळ घालून बसवत होते. लिंगायतांत गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात आणि तसंच मातीत ठेवतात. पण अप्पांची मांडी बसेना. पाय फुगलेले, नडगीपर्यंत ताणलेली चकचकीत कातडी. दोघं-तिघं हलक्या हातानं पाय दुमडत होते आणि ते पुन्हा सुटत होते. मला म्हणाले, गुरुजी, जरा हात लावा. मी घोट्याजवळ धरलं आणि विभूती लावताना अंगठा दाबला गेला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. पाणी होतं ते. लाडू नव्हते, हुरडा नव्हता, आंबीलसुद्धा नव्हती. अख्ख्या पंचक्रोशीच्या धान्याची ओल ओळखणारा माणूस स्वतः पाण्यानं भरत गेला. त्याला ते कळलं नाही, आणि ज्याला कळायला हवं होतं तो मी समोर उभा राहून आकडे लिहीत होतो. महेश मला धीर देत होता. म्हणाला, "तुमी कावून रडता गुरुजी, तुमच्यामुळंच तर चार महिने निघाले." हे ऐकून मला जास्तच असह्य झालं. 

लोक विचारतात म्हणून आता मी गावात सांगत फिरतो. थंडीत वजन उतरवा, जरूर उतरवा, पण आठवड्यात ते झपाट्यानं चढलं, दम लागला, तर मोजे काढून पाय बघा. आधी डॉक्टर गाठा, भांडण नंतर करा. लोक मान हलवतात. त्यानं कोणाचं भलं होत असेल तर होवो. अप्पांच्या बाबतीत काही करायची वेळ निघून गेली, आणि या वयात एवढं हतबल वाटण्याची मला सवय नाही.

गेल्या आठवड्यात महेशनं दुकानात बोलावलं. पाडव्याच्या आधी भिंतींना चुना लावायचा होता, आणि काट्यामागच्या भिंतीचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. मी बघितलं. माझ्या अक्षरातल्या एकशे चारच्या खाली आणखी एक आकडा होता, वाकडातिकडा, अप्पांच्या हातचा. एकशे सात. पुढं लिहिलेलं, "बारदाना वजा न करता." मी नसतानाही त्या सोमवारी त्यांनी स्वेटर, शाल काढली होती, एकटे काट्यावर चढले होते, आणि खरा आकडा मला सांगायला फोन लावला होता. महेश म्हणाला, "पुसू का?" मी म्हणालो, एवढी भिंत राहू दे.

वहिनी आतून डबा घेऊन आल्या. "भाऊजी, तुमचा डबा. घरी ठेवला तर हात जातो म्हनून त्यांनीच दुकानात नेला होता. गुरुजी पुण्याहून आले की त्यांच्याच हातात देतो, म्हनले होते." मी तो घरी आणला. कमलनं सांगितलं, एकवीस भरले होते, दरवर्षी एकवीसच भरते. मी तिच्यासमोर झाकण उघडलं. तूप खवट झालं होतं, वरच्या लाडवांवर बुरशी धरली होती. एकेक बाहेर काढून ताटात ठेवला. एकवीस होते.