मॉनिटर बघण्याचा कार्यक्रम

मंडळाचे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. कार्यकारिणीवर एकदा नाव लागलं की ते जुन्या स्मरणिकांसारखे घरात साठत जातात. टाकवत नाहीत आणि कुणी मागतही नाही. दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या मराठी मंडळाचे माझ्याकडे पुष्कळ आहेत. आज फक्त मॉनिटरचे सांगतो.

तेव्हा खोक्याएवढे मॉनिटर जाऊन चपटे यायला लागले होते. मी नोएडात सॉफ्टवेअरच्या नोकरीत, म्हणून मंडळाच्या वधू-वर पुस्तिकेतले फोटो एडिट करणं माझ्या गळ्यात पडलेलं. टायपिंग नागपूरची प्रज्ञा करायची. सरकारी ऑफिसात अधिकारी, हुशार, रंगाने काळी. जुन्या मॉनिटरवर सगळेच काळवंडलेले दिसत, म्हणून मी सगळ्यांना उजळत सुटायचो आणि छापून यायचे ते दुधात बुडवून काढल्यासारखे. प्रज्ञाही तशीच छापली गेली. तो फोटो बघून दोन घरची माणसं आली आणि तिला बघून चहा अर्धा टाकून गेली. दुसऱ्या वेळी तिची आई रडली. प्रज्ञा मला एवढंच म्हणाली, "दादा, या वेळी असा मॉनिटर घ्या, की मी मीच दिसेन."

* * *

अध्यक्ष देशपांडे काका केंद्र सरकारच्या खात्यातून निवृत्त. त्यांना साधा पंखा घ्यायचा तरी उपसमिती लागते. मॉनिटरसाठी त्यांनी आमच्या अपेक्षा लेखी मागवल्या. मी लिहिलं, रंग खरे दिसावेत. काकांनी लिहिलं, रोजच्या वापरालाही सोयीचा असावा. त्यांचा रोजचा वापर म्हणजे कॉम्प्युटरवर पत्ते लावणं.

* * *

नेहरू प्लेसला काका स्वतःचा फोटो सीडीवर घेऊन आले. पहिल्या दुकानात रंग अगदी बरोबर दिसले. काकांनी स्वतःकडे बराच वेळ पाहिलं आणि 'मॉनिटर डल आहे' म्हणून बाहेर पडले. दुसऱ्या दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखलं. त्याने बटण दाबून ब्राइटनेस पार टोकाला नेला. काका नुकतेच विलायतेहून आल्यासारखे दिसायला लागले. मी म्हटलं, काका, हे रंग खोटे आहेत.

"खोटे कसे? चेहरा माझा आहे, मी ओळखतो ना!"

तोच घेतला.

* * *

आता गंमत बघा. एवढ्या उजेडात सगळेच गोरे, त्यामुळे मला कुणालाच उजळावं लागलं नाही. पुस्तिका छापून आली ती जो जसा आहे तसा! आठवडाभर फोन. आमचा बंटी असा नाही हो, म्हणे. बंटी अगदी असाच होता.

पुस्तिकेतल्या अध्यक्षीय मनोगतावरचा आपला फोटो काकांनी काकूंपुढे धरून तक्रार केली. काकूंनी चष्मा लावून पाहिला. "छान आलाय की. रोज दिसता तसेच दिसताय."

प्रज्ञाने मात्र दोन प्रती जास्तीच्या मागून नेल्या.

* * *

लगेच तातडीची बैठक. ठराव असा, की यापुढे पुस्तिकेत फोटो छापायचे नाहीत. इच्छुकांनी रविवारी मंडळात येऊन स्क्रीनवर पाहावेत. मी चिडून ब्राइटनेस कमी करायचो, काका पत्ते लावायला बसले की परत वाढवायचे. मला या माणसांचा तेव्हा खरंच संताप यायचा. चहा मात्र त्यांच्याबरोबरच प्यायचो.

* * *

अशाच एका रविवारी गुडगावहून एक बाई मुलासाठी स्थळ बघायला आल्या. नव्या टॉवरमध्ये फ्लॅट, मुलगा मल्टिनॅशनलमध्ये, हे सगळं खुर्चीत टेकायच्या आत सांगून झालं. काकांचे पत्ते नुकतेच लावून झाले होते, त्यामुळे ब्राइटनेस टोकालाच होता. कॉम्प्युटरवर आता प्रज्ञा बसली होती, तीच एकेक फोटो पुढे सरकवत होती. बाई तिच्या खांद्यावरून बघत 'नेक्स्ट, नेक्स्ट' म्हणत होत्या. एका फोटोवर त्यांनी तिला थांबवलं. शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. प्रज्ञाने वाचून दाखवलं.

"बिल्कुल अशीच हवी होती," बाई म्हणाल्या. "हिला कधी बघता येईल?"

काका छताकडे बघायला लागले. फोटो प्रज्ञाचा होता.

प्रज्ञाने माउस सोडला नाही. मान वळवून बाईंकडे नीट बघत ती म्हणाली, "ठरलं, तर लग्नाला मला बोलवाल ना?"