मंगळवारी गायब होणारा माणूस

माणसांना लपवायचं काम मी करतो आणि राहतो काशीदला. इथे मी सकाळी सुरमई घेतली की बोंबील, हे मी घरी पोचायच्या आत माझ्या बायकोला कळलेलं असतं.

मुंबईची नोकरी सोडून इथे आल्यापासून एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मंडळींत मी आहे. जगभरचे लोक मिळून ते लिहितात, कुणीही उघडून बघावं, सुधारावं. ते वापरणारा माणूस इंटरनेटवर काय वाचतो, कुणाशी बोलतो, हे मधल्या कुणाला कळत नाही. गावात समजावताना मी पाकिटाचं उदाहरण देतो. मुरुडला पाकीट पाठवायचंय, तर ते इथल्या एकाला द्यायचं, त्याने पालीच्या एकाला, त्याने तिसऱ्याला. पहिल्याला माहीत की कुणी दिलं, शेवटच्याला माहीत की कुणाला द्यायचं, आणि मधल्याला दोन्ही नाही. यावर आजवर प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला आहे, की पण पाकिटात आहे काय. मी हात टेकले आहेत.

आमच्यात सगळे टोपणनावाने वावरतात. माझा सगळ्यात जवळचा जोडीदार कोण, कुठला, मला माहीत नाही. मी ‘तो’ म्हणतो. बाई असेल तर तिने माफ करावं. एकदाच त्याने सांगितलं होतं की त्याच्या देशात असलं काही लिहिणाऱ्याला घरातून उचलून नेतात. पुढे मी कधी काही विचारलं नाही.

गेल्या वर्षी रमजान चालू असताना आमच्या चर्चेच्या उघड्या पानावर एका परक्याने आलेख टाकला. माझ्या टोपणनावाने मी कधी काय लिहिलं, त्याचा. आमच्या प्रत्येक बदलावर वेळेचा शिक्का असतो आणि तो कुणालाही दिसतो. आलेखात दर मंगळवारी सकाळपासून दुपारपर्यंत भलंमोठं भोक होतं. शनिवार-रविवारी माझं काम रांगत होतं. झोपेच्या तासांवरून त्याने देश ओळखला होता आणि खाली लिहिलं होतं, हे गृहस्थ बहुधा भारतात, पर्यटकांच्या एखाद्या किनाऱ्यावर राहतात आणि तिथे मंगळवारी वीज नसते. पुढे हसरा चेहरा.

बरोबर होतं हो सगळं. मंगळवारी दुरुस्तीसाठी आमची लाईट जाते, इन्व्हर्टर अर्ध्यात मान टाकतो, पाठोपाठ टॉवर. आणि शनिवार-रविवारी अख्खी मुंबई आमच्या पुळणीवर उभी राहून घोड्यावर बसलेले व्हिडिओ पाठवत असते, तेव्हा माझ्या वाट्याला नेटवर्क उरत नाही. स्वतःभोवती मी इतके पडदे ओढले होते, की नाटक कंपनीला पुरले असते. लाईटचा विचारच केला नव्हता.

मी तडक वायरमनकडे गेलो आणि म्हटलं, बाबा, लाईट घालव, पण दर वेळी वेगळ्या वारी. कुणाला अंदाज येता कामा नये. तो खांबावरून खाली उतरला.

“काका, लोक सांगतात, लाईट घालवू नको. तुमी सांगताय, कदी घालवनार ते कुनाला कळू देऊ नको. गिरनवाला खांबालाच बांधंल ना मना.”

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कंप्युटरवाल्या काकांना मंगळवार बाधतो. एकाने मारुतीला तेल घालायला सुचवलं. बायको म्हणाली, “अहो, लपायचंच होतं तर मुंबईत राहायचं. तिथे शेजारीसुद्धा ओळखत नव्हते तुम्हाला.”

मी चिडून तोच आलेखाचा खेळ माझ्या जोडीदारावर करून पाहिला. त्याच्याकडे तरी भोकं नसतील, अशी आशा. तेवढ्यात शेजारच्या भाभींची प्लेट आली. रमजानभर रोजा सोडायच्या वेळेला त्या आमच्याकडे भजी आणि खजूर पाठवतात. भजं तोंडात, डोळे पडद्यावर, आणि मी थांबलो. हा महिना सुरू झाल्यापासून जोडीदारही रोज संध्याकाळी थोडा वेळ गप्प होत होता आणि ती गप्प व्हायची वेळ दिवसागणिक पुढे सरकत होती. भाभींची प्लेटही सरकत होती, पण अगदी किंचित. त्याची भराभर. म्हणजे तोही सूर्यास्ताला रोजा सोडत होता, आणि उत्तरेकडे जावं तसा उन्हाळ्याच्या तोंडावरच्या या दिवसांत सूर्यास्त जास्त वेगाने पुढे सरकतो. तेव्हा तो आमच्यापेक्षा पुष्कळ उत्तरेला होता. आणखी थोडं गणित केलं असतं तर शहर मिळालं असतं. मला मिळालं असतं, तर त्याला उचलून नेणाऱ्यांनाही मिळालं असतं.

मी संगणक मिटला.

दुसऱ्या दिवशी त्याला खासगीत, कुलूपबंद निरोप पाठवला, की तुझ्या संध्याकाळच्या वेळांवरून तुझं ठिकाण काढता येतं. उत्तर लगेच आलं.

“कुठपर्यंत पोचलास?”

“उत्तरेला आहेस, एवढंच. पुढे मोजलं नाही.”

“मोजू नकोस. कुणाला सांगूही नकोस.”

जुने शिक्के पुसता येत नाहीत, त्यांच्या प्रती जगभर गेलेल्या असतात. त्याने ठरवलं की हे नाव टाकायचं आणि नव्या नावाने यायचं. पण नव्या नावानेही तो सूर्यास्तालाच गप्प होणार. त्याआधी एक व्यवस्था हवी होती. कुणीही काही लिहिलं तरी ते लगेच दिसता कामा नये. ते रांगेत पडावं आणि यंत्राने आपल्या लहरीने, कधीही बाहेर सोडावं.

हे मी मंडळींपुढे मांडलं आणि माझी शोभा झाली. तातडीच्या दुरुस्त्या अडकतील, एकजण म्हणाला. एका माणसाच्या गावात लाईट जाते म्हणून सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं का, दुसरा म्हणाला. खरं कारण सांगायची सोय नव्हती. मग मी मंगळवारचं भांडवल केलं. माझी लाईट, माझी अब्रू, माझा बिचारा इन्व्हर्टर, रोज नवा अंक. हट्टी म्हातारा म्हणून माझी ख्याती झाली, आणि मी म्हातारा नाही. पावसाळा संपता संपता ते कंटाळले आणि रांग मंजूर झाली. शेवटी माझ्या बाजूने हात वर करणाऱ्यांत जोडीदार होता. त्यानंतर ते नाव पुन्हा दिसलं नाही.

आता माझे हाल ऐका. त्यानंतर बरीच नवी नावं कामाला आली. त्यांतलं एक त्याचं असेल. किंवा नसेलही, त्याला नेलं असेल. कळायला मार्ग नाही, तो मीच भांडभांडून बुजवला. एकजण स्वल्पविरामावरून वाद घालतो. एकजण मी केलेलं काम न वाचता बदलतो. पूर्वी असल्यांना मी दोन ओळींत घरी पाठवलं असतं. आता प्रत्येक गाढवाला “फार छान निरीक्षण” असं लिहावं लागतं, कारण न जाणो.

यंदाच्या रमजानात पहिल्याच संध्याकाळी भाभी स्वतः आल्या, हातात दोन प्लेटा. दोस्ताच्या रोज्याबद्दल मी फक्त बायकोजवळ बोललो होतो; आमच्या घरातून त्यांच्याकडे काय काय पोचलं होतं ते तेव्हा कळलं.

“ही तुमची, दादा. ही तुमच्या दोस्ताची. रोजा सोडला का त्याने?”

“कळत नाही, भाभी.”

त्यांनी प्लेट तशीच ठेवली. मी पडद्याकडे बघितलं. स्वल्पविरामवाल्याचा नवा आक्षेप येऊन पडला होता. कधी लिहिलेला, देव जाणे. त्याला सविस्तर, अतिशय गोड उत्तर लिहिलं आणि दोस्ताची भजी गार व्हायच्या आत मीच खाल्ली.