सुंदरा मी मारली

"हिला मेकअप नको. तशीच पाठवा. लोक तशीच हसतात."

सर असं म्हणाले तेव्हा मी आरशासमोर बसले होते. मेकअप करणाऱ्या दादाच्या हातात ओला स्पंज होता. तो माझ्या कपाळापर्यंत आला आणि थांबला. शेजारच्या खुर्चीत आमचा हिरो बसला होता, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून. तो हसला. कपडेपटातली बाई हसली. दादा हसला नाही, पण त्यानं स्पंज खाली ठेवला.

मीही हसले. टीव्हीवरच्या स्किटच्या कार्यक्रमात काम मिळालं होतं. पहिला दिवस. पहिल्याच दिवशी 'हिला विनोद कळत नाही' म्हणून घरी पाठवलं असतं तर?

सर म्हणजे कार्यक्रमाचा लेखक आणि दिग्दर्शक, दोन्ही तोच. त्याचं नाव घेत नाही. भीती वाटते म्हणून नाही. नाव घेतलं की त्याचे चाहते गोळा होतात आणि माझं सांगणं राहून जातं. आणि इथून पुढं मी त्याला अहो-जाहो करणार नाही. खूप केलं.

मी एकलहऱ्याची. नाशिकरोडहून थर्मल वीजकेंद्राच्या ज्या चिमण्या दिसतात, त्यांच्याजवळच्या वस्तीतली. बाप ठेकेदाराकडं राखेच्या कामावर. घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. आई नाशिकरोडच्या बाजारात पालेभाजी विकते. मेथी, शेपू, कोथिंबीर. मी टीव्हीवर दिसायला लागल्यावर शेजारच्या बाया म्हणाल्या, आता बसा की घरी. आई म्हणाली, "ती तिचं काम करती, मी माजं."

नाटक मला कॉलेजात भेटलं. एकांकिका बसत होती. बसवणारे मराठीचे प्राध्यापक. त्यात डॉक्टरीणबाईची भूमिका होती. मी ती आख्खी पाठ करून गेले, म्हणून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं.

"पूर्ण नाव काय?"

सांगितलं.

"आडनाव?"

सांगितलं. ते "बरं" म्हणाले. त्या 'बरं'चा अर्थ ज्यांना कळतो त्यांना कळतो. बाकीच्यांना मी समजावत बसणार नाही.

"पाठांतर चांगलं आहे. पण ही भूमिका भाषेची आहे. 'आणि' म्हण."

"आनि."

वर्ग हसला. मला मोलकरणीचं काम दिलं. झाडू हातात, वाक्यं दोन-तीन.

स्पर्धेत हशा त्या वाक्यांना पडला. मी झाडू घेऊन आले, मालकिणीचं बोलणं ऐकलं, तिच्याकडं बघितलं आणि गप्प राहिले. जरा जास्तच गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं बाई." थिएटर फुटलं. ते गप्प राहणं मला कुणी शिकवलं नव्हतं. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडं आई तसंच बघते. ते माझं होतं. माझ्या घरातलं होतं. कुठं थांबायचं आणि कुठं बोलायचं हे मला कळतं, आणि ते कुणाच्या मेहेरबानीनं कळत नाही.

अभिनयाचं बक्षीस मिळालं. प्राध्यापक म्हणाले, "बघ, तुला तुझी जागा सापडली."

जागा. म्हणजे केर काढायची.

त्याच जागेनं मला मुंबईला नेलं. स्पर्धा बघायला आलेल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं आणि सरनं बोलावलं. त्यानं माझ्यासाठी पात्र लिहिलं. सुंदरा. एका पॉश फ्लॅटमधली कामवाली. नाव सुंदरा, हाच विनोद. मी दार उघडून आत आले की हिरो किंचाळायचा. दर वेळी. लाइट गेली की म्हणायचा, "सुंदरा, दात दाखव गं, कळू दे तू कुठं आहेस." लोक खुर्चीतून खाली पडायचे. मी दात दाखवायचे.

त्या कार्यक्रमात मी वर्षानुवर्षं काम केलं. डॉक्टर झाले नाही, वकील झाले नाही, कुणाची बायको झाले नाही. एकदा विचारलं, "सर, एखाद्या स्किटमध्ये वेगळं काही?" तो प्रेमानं म्हणाला, "अगं, लोकांना धक्का नाही द्यायचा. लोक दमून घरी येतात."

आम्ही दमत नाही. आमच्याकडं बघून लोकांचा थकवा जातो.

एकदा सुट्टीत घरी आले होते. नाशिकरोडला कापडाच्या दुकानात एका बाईनं ओळखलं. सेल्फी काढायला आपल्या मुलीला पुढं ढकललं. मुलगी शाळेच्या गणवेशात, माझ्यासारखीच काळी. ती जागची हलेना. तिची आई हसत म्हणाली, "हिला ना, वर्गात सगळे सुंदराच म्हणतात." पोरगी हसली नाही. तिनं माझ्याकडं ज्या रागानं बघितलं, तो राग मी मुंबईला जाताना बरोबर नेला. तिचा होता, पण माझ्याही कामाचा होता.

पण राग नेला म्हणून लगेच काही झालं नाही. पुस्तकात होतं तसं आयुष्यात होत नाही. मी परत जाऊन दात दाखवले.

तालमीत मोकळ्या वेळात आम्ही गप्पा मारायचो. मी आईच्या गोष्टी सांगायचे. बाजारात कुणी मेथीची जुडी उलटीपालटी करायला लागलं की आई म्हणते, "मेथी हाय, सोनं नाय. चिवडू नका." सर पोट धरून हसला होता. पुढं नाशिकला स्टेजवर प्रयोग ठरला, तेव्हा त्यानं नवीन स्किट आणलं. सुंदराची आई मुंबईला येते, मालकिणीच्या सोफ्यावर बसते आणि पार्टीला आलेल्या पाहुण्यांना मेथी विकते. आईच्या भूमिकेत हिरो. साडी नेसून. आणि त्याच्या तोंडी तेच वाक्य.

मी म्हणाले, "सर, ही माझी आई आहे."

"मग? मानवंदना आहे ही तिला. उलट आईला घेऊन ये. पहिल्या रांगेत बसव. खूश होईल."

रविवारची दुपार. नाशिकचं नाट्यगृह, शेवटच्या रांगेपर्यंत भरलेलं. आई आली. येवल्याच्या मावशीनं दिलेली साडी तिनं ठेवणीतून काढली होती. बाजार बुडवून आली होती. पहिल्या रांगेत खुर्चीच्या काठावर बसली, मागं टेकलीच नाही.

मी विंगेत उभी होते. हिरो तयार होऊन आला आणि मला दिसलं. तालमीत हे नव्हतं. त्यानं तोंडाला काळं फासलं होतं. गळ्याला, हातांना, सगळीकडं. दातांना मिशरीचा डाग काढला होता. कमरेला उशी बांधली होती. माझ्याकडं बघून डोळा मारला आणि स्टेजवर गेला. चालताना डाव्या पायावर कलला. पाट्या वाहून वाहून आईची कंबर गेलीय, ती तशीच चालते. हेही मीच कधीतरी बोलले असणार.

थिएटर कोसळलं. मी माझ्या एंट्रीला आत गेले. वाक्यं बोलले. अंगाला सवय असते, अंग बोलतं. पहिल्या रांगेत बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. आई हसत होती. शेजारचे हसत होते म्हणून, तोंडाला पदर लावून.

मग हिरोनं लिहिलेलं सोडलं. पायऱ्या उतरून खाली गेला, आईचा हात धरला आणि माइकवर ओरडला, "मंडळी, ही बघा ओरिजिनल!"

आईला वर आणलं. ती आली. मुलीच्या साहेबांची माणसं बोलावताहेत, नाही कसं म्हणायचं? तिनं सगळ्यांना हात जोडले. तो तिच्या शेजारी तसाच कलून उभा राहिला आणि त्यानंही हात जोडले. हशा. ती चालली तसा तो चालला. हशा. त्यानं माइक तिच्या तोंडाशी धरला.

"मावशी, तुमचा डायलॉग होऊन जाऊ दे. मेथी हाय..."

आईनं माझ्याकडं बघितलं. बोलू का, असं विचारत होती. माझी नोकरी तिच्या एका वाक्यावर लटकलीय असं तिला वाटत होतं, आणि तिचं काही चुकत नव्हतं.

मी काही करायच्या आधी ती बोलली. हळू, खाली बघत, शाळेत पोरं कविता म्हणतात तसं.

"मेथी हाय, सोनं नाय. चिवडू नका."

माणसं हसता हसता रडत होती. विंगेत सर टाळ्या वाजवत होता.

मी चालत हिरोकडं गेले. त्याच्या गालावरून हात ओढला. कपाळापासून हनुवटीपर्यंत. खाली त्याची गोरी कातडी निघाली. माझा काळा झालेला पंजा मी लोकांना दाखवला.

लोक हसले. त्यांना वाटलं, हे स्किटमध्येच आहे.

मी म्हणाले, "हे स्किट नाहीये."

आणखी हसले.

तेव्हा मला कळलं. आमच्यासारखीनं रडून सांगितलं तरी हसतात, ओरडून सांगितलं तरी हसतात. मी बोलायचं थांबवलं. आईचा हात धरला आणि उभी राहिले. नुसती. हिरोनं दोन-तीन फालतू वाक्यं टाकून बघितली. मी हलले नाही. बघत राहिले, एकेका तोंडाकडं. हसू आधी पुढच्या रांगांत विझलं, मग मधल्या, मग बाल्कनीत. कुणीतरी खोकलं. एवढं मोठं थिएटर, आणि पंखे ऐकू यायला लागले.

मग बोलले. "ही माझी आई आहे. ती इथं बघायला आली होती, दाखवायला नाही. तुमचं हसून झालं असेल तर आम्ही जातो."

विंगेत सर होता. म्हणून मी तिकडून गेले नाही. पायऱ्या उतरले आणि आईला घेऊन लोकांच्या मधून, समोरच्या दारानं बाहेर पडले. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी सॉरी म्हणालं नाही. कडेच्या एका माणसानं पाय आखडून वाट दिली, एवढंच.

रिक्षात बसल्यावर मला वाटलं, आई डोक्यावरून हात फिरवेल. ती भडकली होती.

"दोन सबूद बोलली तर काय झिजली का मी? तुजं काम घालवलंस. माज्यापायी."

"आई, ते तुझी टिंगल करत होते."

"मला काय कळत नाय? बाजारात रोज कोन ना कोन करतं. तवा काय मी पाटी टाकून घरी येती?"

 

घरात पाय ठेवला तोच सरचा फोन आला. "तुला घडवलं मी. तुझ्यासारख्यांना कुणी उभं करत नाही, मी केलं." मग कामावरून काढल्याचं सांगितलं. मग त्यानं माझी भाषा, माझं घर, माझं आडनाव काढलं. इतकी वर्षं त्यानं ते तोंडावर येऊ दिलं नव्हतं. बरं झालं. स्पष्ट ऐकलं.

नवीन सुंदरा लवकरच टीव्हीवर आली. गोरी मुलगी होती. तिला काळं फासलं होतं. म्हणजे काळा रंग त्यांना हवाच होता. काळी बाई नको होती.

आता मी नाशिकमध्येच स्किटं करते. बरोबर दोघी आहेत. एक इगतपुरीची, बाप रेल्वेत. दुसरी आमच्याच वस्तीतली. समाजमंदिरात तालीम, मिळेल त्या हॉलमध्ये प्रयोग. लिहिते मीच. आमच्या एका स्किटमध्ये एक मोठा लेखक 'अस्सल गरिबी' बघायला वस्तीत येतो, आणि वस्तीतल्या बाया त्याला सोलून ठेवतात. पहिल्याच प्रयोगाला पुढच्या रांगेतली काही माणसं उठून गेली. आयोजक म्हणाले, "ताई, जरा सौम्य करा." मी पुढच्या प्रयोगात ते आणखी तिखट केलं.

यातून माझ्या आईचं काही भरून आलेलं नाही. त्या रविवारनंतर ती कुठल्याही थिएटरात आली नाही. आमचा प्रयोग घरापासून हाकेच्या अंतरावर होता, तरी आली नाही. चल म्हटलं की म्हणते, "नको. वर बोलावत्यात."

हे ज्यांनी केलं त्यांना माफी नाही. त्या नाट्यगृहात तिकीट काढून बसलेल्यांनाही नाही.

मध्यंतरी सरचा पुन्हा फोन आला. आवाजात मध. "राग सोड गं. नवीन मुलगी चालत नाही. लोक तुझीच सुंदरा मागतात."

"सुंदरा मेली."

तो हसला. "अगं, मी कुठं मारलीय?"

"मी मारली," म्हणाले आणि फोन ठेवला.

विनोद मी सोडणार नाही. तो माझा आहे, त्यांचा नाही. लोकांना हसवीन, पोट दुखेपर्यंत हसवीन. पण हसायचं कुणाला, हे यापुढं मी ठरवणार. त्या हशात ज्यांना आपलं तोंड दिसेल त्यांनी उठून जावं, नाहीतर दात आवळून बसावं. मी वाक्य बदलणार नाही.